काचेवरची तीन बोटं

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड
११ जानेवारी २००६

श्रीमती प्रणिता विजयसिंह जाधव, पुणे, यांस,

वर चिरंजीव, आशीर्वाद वगैरे काही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र तक्रारीचं आहे. चार वर्षांपूर्वी महादेवाच्या देवळात चार माणसांसमोर मी सांगितलं की मला मुलगी नाही. विरुपाक्ष शेटे भांड्याचं वजन आणि तोंडचा शब्द बदलत नाही, हे इथल्या सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. तेव्हा पत्र आलं म्हणून राग गेला, असं समजू नये.

तक्रार तुम्ही पाठवलेल्या मोबाईलबद्दल आहे. तुमची मैत्रीण सत्यशीला पुण्याहून माहेरी नेकनूरला आली, ती वाट वाकडी करून इथं आली आणि तुमच्या आईच्या, नीलाबाईच्या, हातात ती डबी देऊन गेली. मी दुकानात होतो. घरी येऊन बघतो तर तुमची आई मोबाईल पदराखाली धरून बसलेली, मांजरीनं पिल्लू धरावं तशी. बटण दाबलं की काच उजळते आणि एका पोरीचा फोटो दिसतो. अडीच वर्षांची असेल नसेल. हा फोटो कुणी मागितला होता? मी मागितला नव्हता. पोर कोण, तिचं नाव काय, हे मी विचारणार नाही आणि मला कुणी सांगायचंही नाही.

माझं म्हणणं काचेपुरतं आहे. मोबाईल येऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि काचेवर ओरखडे! मुळात ती काच नाहीच, प्लास्टिक आहे. मी पस्तीस वर्षं भांडी विकतोय. पितळ, तांबं, स्टील, जर्मन, टिचकी मारून सांगतो कोणत्या मालात किती दम आहे. असल्या मालाची परात मी दुकानाच्या पायरीवरही ठेवली नसती.

ओरखडे कसे आले याचा मी तपास केला. घरात रेंज एकाच जागी येते, देवघराच्या खिडकीत, तिथंही दोन काड्या. म्हणून नीलाबाईनं मोबाईल त्या खिडकीत, माझ्या पूजेच्या पाटाशेजारी ठेवला आहे. मला विचारलंही नाही. रोज सकाळी सहाला मी पूजेला बसतो तर समोर ही डबी. मी तिकडं बघत नाही. खिडकीला जाळी आहे, म्हणजे मांजर येत नाही. मग मी नीलाबाईच्या बांगड्यांवर संशय घेतला, तर ती म्हणाली, "माज्या बांगड्या काचंच्या. त्या फुटतील का वरखडं काडतील? उगं कावून वरडायलात? तुमचं तुमीच बगा."

ओरखडे आडवे आहेत, एकाखाली एक, आणि नेमके त्या पोरीच्या कपाळावर. बाकीची काच बरी आहे. असा नेम धरून बिघडणारा माल मी जन्मात पाहिला नाही. पावती आणि कंपनीचा पत्ता पाठवावा, मी त्यांना सरळ लिहितो.

विरुपाक्ष संगाप्पा शेटे
भांड्यांचे व्यापारी

ता. क. पोर नीट जेवते का, असं नीलाबाई विचारते. मी विचारत नाही.


युसूफ वडगाव
४ फेब्रुवारी २००६

प्रणिता,

मागच्या पत्रात मी तुम्ही-तुम्ही लिहिलं, पण लिहिताना हात अडखळत होता. जिचं नाक मी माझ्या धोतरानं पुसलं तिला तुम्ही म्हणता येत नाही. म्हणून तू म्हणतो. याचा दुसरा अर्थ काढू नको.

तुझं पत्र आईच्या नावावर होतं. पोस्टमन ते दुकानात देतो, म्हणून मी फोडलं. पावती नाही, पत्ता नाही. त्याऐवजी उपदेश! "यांचं म्हणणं आहे की ओरखड्यांवर टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं हळू पुसावं आणि वरून सेलोटेप चिकटवावी." यांचं म्हणजे नांदूरघाटच्या त्या विजयसिंहाचं. ज्याच्या घरात चार पिढ्या कापूस वेचला तो मला घासण्यापुसण्याचं शिकवणार! उंटावरचा शहाणा.

तरी करून पाहिलं, नंतर कुणी बोलायला नको म्हणून. आमच्या घरात पेस्ट नसते, मंजन असतं, हे तुला माहीत आहे. पेस्ट काय आणि मंजन काय, दोन्ही दातालाच. नीलाबाईला जमेना म्हणून मी फक्त मोबाईल धरला आणि थोडं घासून दिलं. ओरखडे गेले नाहीतच, वर सगळ्या काचेवर धुकं आलं. पोर थंडीच्या दिवसात शेतात उभी असल्यासारखी दिसायला लागली. नीलाबाई म्हणाली, "पेस मंजी पेस. मंजनात बारीक रेती असती, हे लेकरालाबी कळतंय." इतक्या वर्षांत हे तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मी रोज दात घासतोय.

शेवटी पांढऱ्या पेस्टची छोटी ट्यूब आणवली. खरं ते लिहायला पाहिजे म्हणून लिहितो, पेस्टनं धुकं बरंच निवळलं. त्या माणसाला हे कळवायची गरज नाही. सेलोटेप मात्र अगदी फालतू. खाली बुडबुडे राहतात, कडेला मळ धरतो आणि चार दिवसांत ती पिवळी पडते.

मग मला जे सुचलं ते तुमच्या पुण्यात कुणाला सुचायचं नाही. स्टीलचं नवं ताट कारखान्यातून येतं, तेव्हा त्यावर पातळ, आरपार दिसणारा कागद चिकटवलेला असतो. ताटाला ओरखडा पडू नये म्हणूनच तो लावतात. मी एका बारा इंची ताटाचा कागद अलगद काढला, कात्रीनं मापात कापला, ओला हात फिरवून काचेवर बसवला. एक बुडबुडा नाही! शहरात यासाठी लोक दुकानात जातात म्हणे. माझ्या दुकानात असे दोनशे कागद पडून आहेत.

पण त्याचं काय झालं तेही ऐक. ते उघडं ताट चुकून सारजाबाईला विकलं गेलं. दुसऱ्या दिवशी ती भर बाजारात ताट डोक्यावर धरून आली. "आप्पा, ह्या ताटात कुनी जेवलंय का? वरला कागद कुटं गेला?" साऱ्या चौकाला ऐकू गेलं. पस्तीस वर्षांत माझ्या दुकानातलं ताट पहिल्यांदा परत आलं, आणि ते तुझ्या मोबाईलपायी.

आता मुख्य मुद्दा. पत्राच्या शेवटी तू लिहितेस, "कावेरी जेवते, पण दूध नको म्हणते." कावेरी! माझ्या आईचं नाव! कुणाला विचारून ठेवलंस? नाव ठेवायचं तर घरच्यांना विचारतात, पाळण्याला बोलावतात. तू बोलावलं होतंस आणि ते पत्र मी न फोडता परत पाठवलं, हे खरं आहे. पण त्यात आईचं नाव लिहिलेलं असेल हे मला बाहेरून कसं कळणार? पाकिटावर तरी लिहायचं.

आणि नीलाबाई तुझ्याशी आठवड्यातून एकदा बोलते, तरी मोबाईलमधलं रिचार्ज चार दिवसांत आटतं. कंपनी दिवसाढवळ्या लुटते आहे. याचाही जाब मी विचारणार आहे.

विरुपाक्ष शेटे

ता. क. दुधात थोडी सुंठ आणि गूळ घाल. माझी आई तसंच प्यायची.


युसूफ वडगाव
२७ फेब्रुवारी २००६

प्रणिता,

काल महाशिवरात्र होती. उपवासाच्या दिवशी राग करू नये म्हणून आज लिहितो.

ताटाचा कागद टिकत नाही. म्हणजे टिकला असता, पण तो रोज सकाळी काढावा लागतो. का काढावा लागतो ते विचारू नको. पूजेच्या वेळी काही गोष्टी कराव्या लागतात. रोज काढून रोज लावला की त्याचा डिंक काचेवर राहतो आणि त्याला धूळ चिकटते. डिंक काढायला मी रॉकेलचं बोट लावलं. डिंक गेला, पण कडा पांढुरक्या झाल्या आणि देवघरात दोन दिवस रॉकेलचा वास. स्वतःच्या देवघरात मला माझीच लाज वाटली. खोबरेल तेलानं डिंक चांगला निघतो, हे नंतर कळलं. तुला कधी लागलं तर तेलच वापर.

पण आता उपयोग नाही. कपाळ तर दिसतच नाही, ओरखडे डोळ्यांपर्यंत उतरलेत. डाव्या गालावर खळी होती, ती गेल्या आठवड्यात दिसेनाशी झाली. खळी आहे हे मला नीलाबाईनं सांगितलं. हसताना पोर खालचा ओठ आत ओढते, अगदी तुझ्यासारखा, हेही तिनंच सांगितलं. चष्म्याशिवाय नीलाबाईला हातावरचं दिसत नाही आणि चष्मा ती लावत नाही, हे तुला माहीत आहे. तरी सांगितलं तिनंच.

मोबाईलमध्ये आणखी एक दोष निघाला. सकाळच्या वेळी त्यातून मधूनच बारीक आवाज येतो, चिमणीच्या पिल्लासारखा. मी कानाशी नेला की बंद होतो. काच धड नाही, आतलं यंत्र धड नाही. अशा डबीत लेकराचा फोटो घालून कुणी पाठवतं का? कागदावरचा पाठवला असतास तर चौकट करून भिंतीला लावता आला असता. म्हणजे नीलाबाईनं लावला असता.

चिडतोय तर सगळंच लिहितो. लोक म्हणतात, आणि तूही म्हणतेस, की अप्पांना पोराच्या जातीचा राग आला. आला होता. नाही म्हणणार नाही. आपल्या घरात बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं. पण तो राग मी गिळला असता की नसता, हे बघायची संधी तरी मला द्यायचीस. त्या वैशाखात लातूरची माणसं तुला बघायला आली होती. पोह्यांच्या बशा त्यांच्या हातात, मी त्यांना सांगतोय की मुलगी दुपारच्या गाडीनं येईल, आणि तेवढ्यात पोस्टमननं तुझं पत्र दिलं. "आम्ही कचेरीत लग्न केलं." मी ते सात माणसांसमोर उभ्यानं वाचलं. मला खाली बसायलाही जागा नव्हती, सगळ्या खुर्च्यांवर पाहुणे होते.

तू विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो. ओरडलो असतो, जेवलो नसतो. पण विचारायचं होतं. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते चार वर्षांत मला कुणाला सांगता आलं नाही.

उद्या मोबाईल दुरुस्तीला दाखवीन म्हणतो. स्टँडवरचा शहादेव मला हसेल, म्हणून थांबलो होतो.

विरुपाक्ष


युसूफ वडगाव
१६ मार्च २००६

प्रणे,

तुला लाज कशी वाटली नाही?

उद्या, उद्या करत काल शहादेवकडं गेलो. हा शहादेव म्हणजे स्टँडवरचा एसटीडीवाला, आता मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं मोबाईल हातात घेतला आणि म्हणाला, "आप्पा, ह्याच्यावर नांगर धरला व्हता का?" मी त्याला सांगितलं की कंपनी लबाड आहे, प्लास्टिक हलकं आहे, मी कोर्टात जाईन. शहादेव मोबाईल उन्हात तिरपा धरून बघत राहिला.

"कंपनीचं न्हाई हे, आप्पा. ह्ये बगा, आडवं तीन. रोज एकाच जागी कायतरी घासल्यालं हाय. खाचंत पांडरं बसलंय."

त्यानं सुईनं ती खाच टोकरली आणि चिमूटभर पांढरं कागदावर काढलं. मला वास घ्यायचीही गरज नव्हती. ते भस्म होतं, माझ्या देवघरातलं. शहादेवला कळलंच. "आप्पा, तुमी मोबाईलला भस्म लावताव?" दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती.

आता लिहूनच टाकतो. आपल्या घरात पूजा झाली की लेकरांच्या कपाळाला भस्माची तीन बोटं लावतात. मला माझ्या वडिलांनी लावली, मी तुला लावली. तू डोळे मिटून उभी राहायचीस आणि भस्म नाकावर पडलं की शिंकायचीस. तू गेल्यापासून पूजेनंतर बोटाला भस्म उरायचं आणि मी ते धोतराला पुसायचो. जानेवारीत खिडकीत ती पोर आली. घरात लेकराचं कपाळ तेवढं एकच होतं. पहिल्या दिवशी हात आपोआप गेला. मग तिचं तोंड दिसेना म्हणून पंचाच्या टोकानं पुसलं, आणि राखेनं घासलं की भांडं उजळतं हे पस्तीस वर्षांचं डोक्यात, म्हणून जरा जोरानंच पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. कागद रोज का काढत होतो ते आता तुला कळलं असेल. कागदावरून भस्म लावलं तर ते कागदाला लागतं, लेकराला लागत नाही. प्लास्टिकला राख चालत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाईलबरोबर माहितीचं पुस्तक येतं म्हणे. ते तू पाठवलं नाहीस, तेव्हा यात निम्मा दोष तुझा आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण शहादेव बटणं दाबत बसला आणि हसायला लागला.

"आप्पा, अन् हे काय? सहा धा, सहा बारा, सहा धा. रोज सकाळी एकच नंबर. पोरीला फोन लावताव व्हय रोज?"

मी म्हणालो, मी चार वर्षांत तिला फोन लावलेला नाही आणि लावणार नाही.

"तुमी न्हाई, तुमचा आंगठा लावतो. घासताना हिरव्या बटनावर पडत आसंल. दोनदा दबलं की मागचाच नंबर लागतो. अन् पोरगी उचलती की! दोन मिंटं, तीन मिंटं. लई दिवस चाललंय हे."

दोन महिने! दोन महिने तू रोज सकाळी फोन उचलत होतीस. मी मंत्र म्हणतोय, खोकतोय, काचेवर फुंकर घालतोय, आणि तू तिकडं कानाला लावून ऐकतेस! मी त्या फोटोशी काय काय बोललो असेन, माझं मला आठवत नाही. "शिंकू नको गं" म्हणालो असेन. "आज खळी कुठं गेली" म्हणालो असेन. माझ्या आईच्या नावानं तिला हाक मारली असेन. ते सगळं तू ऐकलंस! दुसऱ्याच्या देवघराला कान लावणं याला काय म्हणतात? कंपनी रिचार्ज खाते म्हणून मी गावभर बोंबललो, आणि ते तुझ्या कानात जात होतं. तो चिमणीसारखा आवाज कुणाचा, हेही आता मला कळलं आहे. लेकरू माझ्या हातात बोलत होतं आणि मी त्याला यंत्राचा दोष म्हणत होतो. एकदा तरी मोठ्यानं बोलायचंस.

घरी येऊन नीलाबाईला विचारलं, तर ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तुमी हात आकडला आसता. लेकीला बापाचा आवाज तेवडाच भेटत व्हता. तो कावून तोडू?"

म्हणजे घरातल्या घरात माझ्याविरुद्ध कट. मी आज दुकान उघडलं नाही. तिनं जेवायला वाढलं, ते मी जेवलो, पण बोललो नाही.

अप्पा


युसूफ वडगाव
३१ मार्च २००६

चि. प्रणितास,

वर चि. लिहिलं आहे, ते तू पाहिलं असशील.

शहादेवनं वरची काच बदलून दिली. मला वाटलं होतं फोटोही खराब झाला असेल, पण तो जसाच्या तसा निघाला. खळी आहे. कपाळही आहे. ताटाचा कागद लावून दिला, आता तो काढत नाही. शहादेवला तो कागद इतका आवडला की त्यानं पन्नास मागून नेले. सारजाबाईला मी दुसरं ताट दिलं आणि कागद का काढला होता तेही सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं की आप्पा, नातीसाटी आसतं तर म्या वरडले नसते."

पूजा झाली की आता मी हात धुतो. मोबाईल खिडकीत असतो, मी पाटावर असतो. भस्म लावायचं नाही, घासायचं नाही, म्हणजे बटणही दबत नाही. सकाळी घर फार गप्प असतं.

परवा तुझं पत्र आलं. या वेळी माझ्या नावावर होतं, तरी मी ते लगेच फोडलं नाही, संध्याकाळी फोडलं. तू लिहितेस की पहिल्या दिवशी तू हॅलो म्हणालीस, मला ऐकू गेलं नाही. मग घासल्याचा आवाज आला, मंत्र ऐकू आला आणि तुला कळलं. दुसऱ्या दिवशी तू बोलली नाहीस, कारण बोललीस तर मी फोन ठेवीन. यावर मी दोन दिवस विचार केला. ठेवला असता. तुझं बरोबर आहे. हे मी कागदावर लिहून देतोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण पुढचं वाचून माझं डोकं फिरलं. तू लिहितेस की फोन वाजला की तू तो कावेरीच्या कानाला लावायचीस. आजोबा भस्म लावतायत, असं तिला सांगायचीस. ती डोळे मिटून कपाळ पुढं करायची. आणि आता पंधरा दिवस फोन वाजत नाही, तर ती विचारते, आजोबांचं भस्म संपलं का?

भस्म संपलं! युसूफ वडगावात, विरुपाक्ष शेटेच्या घरात, भस्म संपलं! आणि तू ते लेकराला तसंच वाटू दिलंस? माझ्या आजोबांपासून या घरातलं भस्म कधी संपलेलं नाही. दुष्काळात धान्य संपलं, भस्म संपलं नाही. तिला आपल्या घराबद्दल पहिली गोष्ट हीच कळावी का? दोन महिने तुम्ही दोघी माझं ऐकत होता, त्याचा मला एवढा राग आला नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या शब्दाची. चार माणसांसमोर दिलेला शब्द घरात बसून मागं घेता येत नाही. म्हणून मी सोमवारी पूजेच्या वेळी देवळात गेलो. त्या चौघांतला एक वारला, पण बाकीचे होते. मी उभा राहून सांगितलं की मला मुलगी आहे, प्रणिता, आणि नात आहे, कावेरी. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, मग त्या दिवशी काय बोलला होतात? कुणी काही विचारलं नाही. तात्याबा गुरव घंटा पुसत होता, तो म्हणाला, "आप्पा, आमाला म्हाईतच हाय की." चार वर्षं मी तो शब्द जिवापाड सांभाळला, आणि गावानं तो कधी धरलाच नव्हता! मला कुणी येऊन हे सांगायला नको होतं का? घरी येताना मी एकटाच चिडलो होतो आणि कुणावर चिडायचं ते सुचत नव्हतं.

सोबत ताटाच्या कागदाचे सहा तुकडे पाठवतो. तुझ्या मोबाईलच्या मापाचे नसतील तर कात्रीनं काप. आधी काच ओल्या फडक्यानं पूस, मग एका कडेकडून दाबत ये. डिंक राहिला तर खोबरेल. मंजन नको. राख तर मुळीच नको.

मेमध्ये तिकडं सुट्टी असते म्हणतात. या. विजयसिंहालाही आण. टूथपेस्टचं त्याचं बरोबर होतं, हे मला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. पत्रात सांगितलं तर तो चढून बसेल. नीलाबाईनं आत्तापासून शेंगा भाजून ठेवल्या आहेत. लेकराचं कपाळ इथं आलं की काचेचा प्रश्न मिटेल.

पण मेला अजून महिना आहे, आणि पोर तोवर भस्म संपलं असं धरून बसेल. म्हणून ऐक. हे पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी फोन करणार आहे. आत्ताही करता आला असता, मोबाईल समोरच आहे, पण मला तोंड उघडायला चार-पाच दिवस लागतील. चार वर्षांचं साठलेलं आहे. हिरवं बटण मी स्वतः दाबणार, आंगठ्यानं चुकून नव्हे. दोनदा दाबायचं, शहादेवनं शिकवलं आहे. घासल्याचा आवाज येणार नाही, त्यामुळं घाबरू नको. मी गप्प राहिलो तर ठेवू नको, मी असेन.

फोन आधी कावेरीच्या कानाला लाव. तिला डोळे मिटायला सांग आणि म्हणावं, भस्म संपलेलं नाही. तुझ्याशी माझं भांडण आहेच. ते तिचं झाल्यावर.

तुझा
अप्पा